मेंढरं हाकेला कशी येतात

फलटण, माण, खटावकडच्या मेंढरांची खांडं, म्हणजे कळप, दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतात. वाटेत डांबरी रस्ते, भरधाव ट्रक, ओढे, लांडगे, आणि दोन्ही अंगांना परक्याची उभी पिकं. दोनशे मेंढरांबरोबर चालणारी माणसं दोन, फार तर तीन. एवढ्यावर कळप निभावतो, कारण मेंढरू माणसाचा आवाज ओळखतं आणि त्या आवाजामागून काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. लाड करून ही ओळख लागत नाही. त्यासाठी माणूस, हाक आणि कामाचा क्रम रोज तोच लागतो, आणि माणसालाही प्रत्येक जनावर तोंडावरून ओळखता यावं लागतं.

पुढची माहिती वीस-पंचवीस दख्खनी किंवा माडग्याळ जातीच्या मेंढ्या नव्याने घेणाऱ्यासाठी आहे. मोठ्या कळपाला रीत हीच लागू होते, माणसं आणि कुत्री तेवढी वाढतात.

मेंढीला काय दिसतं, काय कळतं

मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळपास सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते शेपटीमागचं आणि अगदी नाकाखालचं. म्हणून बरोबर पाठीमागून गेलात की ती दचकते, आणि एक दचकली की वीस उधळतात. खोलीचा अंदाज तिला नीट येत नाही. दारातली सावली, जमिनीवर पडलेला पाण्याचा पाइप, चकाकणारं डबकं यांपाशी ती अडते. अशा वेळी मागून ढकलू नका. पाइप उचला, किंवा थोडं थांबा. पुढची एक हुंगून पलीकडे गेली की बाकीच्या आपोआप जातात.

प्रत्येक मेंढीभोवती एक अंतर असतं. त्याच्या आत माणूस आला की ती सरकते. नव्या मेंढीचं हे अंतर वीस-तीस पावलं असू शकतं, रोजच्या ओळखीत ते दोन-चार पावलांवर येतं. त्या अंतराच्या कडेवर उभं राहून काम करायचं असतं. तिच्या खांद्याच्या मागे उभे राहिलात तर ती पुढे चालते, खांद्याच्या पुढे आलात तर थांबते किंवा मागे वळते. कळप हाकण्याची निम्मी विद्या यातच आहे, आणि नवे लोक नेमकं हेच सोडून आरडाओरडा करतात.

स्मरणशक्तीच्या बाबतीत मेंढीला उगाच मठ्ठ म्हटलं जातं. केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम संस्थेतल्या संशोधकांनी 2001 साली दाखवलं की मेंढी दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते. केंब्रिज विद्यापीठात 2017 मध्ये मेंढ्यांनी सांभाळणाऱ्या माणसाचा फोटो, आधी शिकवलेलं नसताना, अनोळखी चेहऱ्यांतून वेगळा काढला. धनगरांच्या वाड्यावरच्या, म्हणजे मुक्कामावरच्या, कोणत्याही बाईला हे विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. यातून घ्यायचं ते असं, की कानाला धरून ओढणारा, लाथ घालणारा माणूसही तिच्या तेवढाच लक्षात राहतो.

आणल्यावरचे पहिले दिवस

बाजारातून टेम्पोने आलेली मेंढी भेदरलेली आणि तहानलेली असते. आल्या आल्या स्वच्छ पाणी आणि सुका कडबा किंवा शेंगपाला द्या. धान्य, भरडा, पेंड पहिल्या दिवशी नको; रिकाम्या पोटात एकदम धान्य गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर आडवं होतं. घरी आधीची मेंढरं असतील तर नवी तीन आठवडे वेगळी ठेवा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग), देवी, लाळ्या-खुरकूत, खूर सडणं, असलं काही बरोबर आलं असेल तर तेवढ्यात उघडं पडतं.

एकटी मेंढी कधीही आणू नका, ठेवू नका. कळपाबाहेर एकटी पडलेली मेंढी खात नाही, ओरडत फेऱ्या मारते, कुंपणाला धडका देते. आजारी जनावर वेगळं काढायचं झालं तरी शेजारी, जाळीपलीकडे का होईना, दुसरं एखादं दिसत राहिलं पाहिजे. पुष्कळदा "औषध लागू पडेना" अशी तक्रार असते तेव्हा मेंढी एकटेपणाने खाणं सोडून बसलेली असते.

पहिले तीन दिवस वाडग्यात (मेंढरं कोंडायच्या कुंपणात) फक्त वावरा. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास आत जाऊन बसा, उभे राहू नका; बसलेला माणूस तिला कमी भीतीचा वाटतो. हात लावायला जाऊ नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी धीट मेंढी जवळ येऊन हुंगते. ती लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम पडणार आहे. रोजचे कपडे सारखे ठेवा. पहिल्या पावसात माणूस अचानक सळसळणारा प्लास्टिकचा कागद पांघरून आला की ओळखीचा कळपही बुजतो. घोंगड्याचं तसं होत नाही.

हाक लावणे

हाक कोणतीही चालते. जीभ टाळ्याला लावून टक् टक्, लांबट शीळ, "हुर्र" किंवा "ये ये". पण ती एकच हवी, इतर बोलण्यापेक्षा वेगळी हवी आणि वाऱ्यातही ऐकू गेली पाहिजे. घरातल्या सगळ्यांनी तीच वापरायची.

वीस मेंढ्यांसाठी दिवसाला एक किलो गव्हाचा कोंडा किंवा मक्याचा भरडा आणि 200 ग्रॅम जाडं मीठ एकत्र करा. म्हणजे डोई 50 ग्रॅम खुराक आणि 10 ग्रॅम मीठ. एका मोठ्या मेंढीला दिवसाचं मीठ साधारण एवढंच लागतं. गव्हाण मेंढीमागे एक फूट धरा. दोन्ही बाजूंनी खाता येणारी दहा फुटी गव्हाण वीस मेंढ्यांना पुरते. यात कंजुषी केलीत तर दांडग्या मेंढ्या खातात आणि भित्र्या मागे राहतात, आणि भित्र्यांच्या लेखी हाकेचा अर्थ "मार खायला या" असा होऊन बसतो. पुढे रानात चुकतात त्याही याच.

आता क्रम. आधी हाक द्या. मग पाच-दहा सेकंद थांबा. मग पोतं हलवा, मग गव्हाणीत टाका. हा क्रम उलटा झाला, म्हणजे पोतं आधी दिसलं आणि हाक नंतर आली, तर मेंढरं पोतं शिकतात, आवाज शिकत नाहीत. रानात पोतं नसतं, तिथे मग घसा कोरडा पडेपर्यंत ओरडा. वाडग्यात आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हे करा. हाक दिल्याबरोबर, पोतं दिसण्याआधीच, कळपाची तोंडं तुमच्याकडे वळू लागली की वाडग्याच्या दुसऱ्या टोकावरून, मग बाहेर वीस पावलांवरून, मग शंभर पावलांवरून बोलवा. रानात पहिल्यांदा बोलवाल तेव्हा पोट भरलेलं असताना नको. चरायला सोडल्यावर अर्ध्या तासाने बोलवा, मूठमूठ द्या आणि परत सोडा.

पुढे दर वेळी खुराक द्यायची गरज नसते, पण चार-पाच हाकांत एकदा तरी काहीतरी हातचं मिळालं पाहिजे. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा यासाठी फार कामाच्या. आकडीने (टोकाला आकडा असलेल्या काठीने) फांदी हलवून शेंगा पाडण्याआधी हाक द्या. शेंगांचा सडा पडल्याचा आवाज आणि तुमची हाक कळपाच्या डोक्यात एकत्र बसतात.

हाक बिघडते ती तीन कारणांनी. पहिलं, रिकाम्या हाका. उगाच, पाहुण्याला दाखवायला, दिवसात दहा वेळा बोलावलं आणि काहीच दिलं नाही की पंधरवड्यात मेंढरं मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरू लागतात. दुसरं, हाक देऊन बोलवायचं आणि मग पकडून इंजेक्शन द्यायचं. लस, जंताचं औषध, कातरणी, खूर कापणं यांसाठी कळप हाकून आत घ्या, बोलावून कधीच नको. आणि काम झाल्यावर सोडताना मूठभर कोंडा द्या. तिसरं कारण म्हणजे रागाने दिलेली हाक. मेंढरं पिकात शिरली की तोंडातून नेहमीची हाक शिवीच्या सुरात निघते. ती हाक राहत नाही, धोक्याचा आवाज होतो, आणि कळप पिकात आणखी आत पळतो.

पिकातून बाहेर काढायला दुसरा, वळवायचा आवाज वेगळा ठेवावा. आखूड, तुटक, मोठा. त्याबरोबर कळपाच्या पुढे ढेकूळ पडावं, अंगावर नाही. ढेकूळ पडलं त्या बाजूला मेंढरं जात नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. गाभण मेंढीच्या पोटाला काठी किंवा दगड लागला तर ती गाभडते, म्हणजे गर्भ पडतो.

पुढचं जनावर

कळप माणसामागे येतो असं दिसतं; खरं तर तो त्याच्या पुढच्या दोन-चार जनावरांमागे येतो, आणि ती माणसामागे येतात. ही पुढची तयार करायची असतात. जुनी, चार-पाच वेतांची, धीट मेंढी यासाठी उत्तम. काही जण खच्ची केलेला मेंढा ठेवतात. धनगरी कळपात पाच-सहा शेरडं असतात. ती धीट असतात, नवी वाट, पूल, पाणी यांना मेंढरांइतकी बिचकत नाहीत, त्यामुळे पुढे घालायला बरी पडतात. त्यांचं दूध माणसांना आणि पोरक्या कोकरांना होतं.

पुढच्या जनावराच्या गळ्यात घंटा बांधा. ती मेंढरांसाठी जितकी, तितकीच तुमच्यासाठी असते. चरतानाची घंटा सावकाश, तुटक वाजते. पळतानाची सलग वाजते. अजिबात वाजत नसेल तर कळप बसलाय किंवा कान टवकारून उभा आहे; उठून बघा.

बाटलीवर वाढवलेली मादी कोकरं पुढे चांगली पुढारी होतात, कारण त्यांना माणसाची भीती नसते. बाटलीवर वाढलेला नर मात्र धोक्याचा. त्याचं कपाळ कधी खाजवू नका, त्याच्याशी टकरीचा खेळ खेळू नका. वर्षाचा झाला की तोच खेळ तो पूर्ण ताकदीने खेळतो, आणि ओणवं होऊन गव्हाण भरणाऱ्या माणसाच्या पाठीत किंवा गुडघ्यावर बसलेली धडक हाड मोडू शकते. असा नर पैदाशीला न ठेवलेलाच बरा.

धरणे

लोकर धरून मेंढी पकडू नका. कातडीखाली रक्त साकळतं, तिला दुखतं आणि तुमचा हात तिच्या लक्षात राहतो. कोपऱ्यात सावकाश घ्या, एक हात जबड्याखाली आणि दुसरा मागच्या फऱ्यावर. जबडा किंचित वर उचलला की ती पुढे जोर लावू शकत नाही. मान खाली राहिली तर तुम्हाला ओढत नेईल. मोकळ्यात धरायचं तर आकडीने मागचा पाय, गुडघ्याच्या वर. पाय अडकल्यावर हिसका देऊ नका, आकडी धरून जवळ चला.

ओळखणे आणि मोजणे

शंभराचं खांड असलं तरी मेंढपाळ एकेक मेंढी नावाने सांगतो. काळी, बांडी, लांबकानी, मोरी, अमकीची लेक. नव्या माणसाने वही करावी. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, रंग, कान, तोंडावरचा ठिपका, वेत, आई कोण. दोन महिन्यांत वही उघडावी लागत नाही.

संध्याकाळी मोजताना दार एवढंच उघडा की एका वेळी एक-दोनच आत जातील. मोजण्याबरोबर क्रम बघा, कारण चालण्यातली जागा प्रत्येकीची जवळपास ठरलेली असते. रोज पुढे असणारी आज शेवटी आली तर ती लंगडत असेल, तापलेली असेल किंवा व्यायला झालेली असेल. रोगाची पहिली खबर बहुतेक वेळा इथे मिळते, ताप मोजण्याच्या आधी. मग बाकीचं तपासा. कान पडलेत का, रवंथ चालू आहे का, दात खाते आहे का (दुखत असलं की मेंढी दात खाते), शेपटी घाण झाली आहे का, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आहे का. खालची पापणी खाली ओढून आतला रंग पाहा: लालसर गुलाबी ठीक, पांढुरका म्हणजे रक्त पिणारे जंत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ही पापणी बघावी आणि फिकट असणाऱ्यांनाच औषध द्यावं. सगळ्यांना सारखं औषध पाजत राहिलं की जंतांवर ते चालेनासं होतं. ताप 104 अंश फॅरनहाइटच्या वर गेला की पशुवैद्यकाला बोलवा.

खनिज मिश्रण देताना पिशवी वाचा. गाई-म्हशींसाठीच्या मिश्रणात तांबं जास्त असतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस ती अचानक पिवळी पडून मरते. मेंढीचं म्हणून मिळतं तेच घ्या.

मेंढी आणि कोकरू

सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात जास्त बिघडणारी ओळख ही. गाभणकाळ सुमारे 150 दिवस. व्यायला आलेली मेंढी कळपातून बाजूला होते, जमीन उकरते, उठते-बसते, कास तटतटते. तिला तिथेच राहू द्या. चालत्या कळपात व्यायली तर एक माणूस तिच्याजवळ अर्धा-पाऊण तास थांबलाच पाहिजे. कळपाबरोबर रेटत नेलं की ती अर्धवट चाटलेलं कोकरू सोडून जाते आणि नंतर ओळखत नाही.

व्यायल्यानंतरचे पहिले काही तास मेंढीला गर्भजलाच्या वासाची ओढ असते. ती कोकरू चाटते, त्याचा वास डोक्यात बसवते, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही कोकराला मारते. ही खिडकी साधारण दोन ते चार तासांची. तेवढ्यात काय करायचं आणि काय नाही ते नीट लक्षात घ्या.

कोकराच्या नाकातोंडावरचा चिकटा तेवढा बोटाने काढा. बाकी अंग पुसू नका, धुऊ तर मुळीच नका. चाटायला काही उरलंच नाही तर ओळख लागणार कशी? दुसऱ्या कोकराला लावलेल्या हातांनी याला धरू नका. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. दोन्ही सडांतून एकेक धार काढून टाका, सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो. जागा बदलायची असेल तर कोकरू खांद्यावर टाकून चालू लागू नका. मेंढी त्याला जमिनीवरच शोधते, दिसलं नाही की व्यायली तिथे परत पळते. पुढच्या पायांना धरून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिच्या नाकासमोर ठेवत उलट्या पावलांनी सावकाश न्या. कंबर दुखते, पण मेंढी मागे येते.

तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. तीन किलोच्या कोकराला पहिल्या खेपेला 150 मिलि, दिवसभरात मिळून 600 मिलि तरी. पोट भरलं की नाही हे हाताने कळतं: भरलेलं पोट फासळ्यांबाहेर किंचित आलेलं आणि घट्ट लागतं, उपाशी कोकरू पाठीला बाक काढून कोपऱ्यात उभं राहतं. तोंडात बोट घाला. तोंड गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या, चोखण्याची ताकद नसलेल्या कोकराच्या तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

पहिल्या वेताच्या मेंढीला आणि जुळं झालेल्या मेंढीला चार बाय पाच फुटांच्या आडोशात एक-दोन दिवस कोकरांसह कोंडा. पहिलटकरीण कोकरापासून भिऊन पळते. मोकळी असली तर पळूनच जाते. जुळ्यांत मेंढी एकाला चाटते आणि दुसरं मागे पडतं, ते तिच्या नाकाशी आणून ठेवत राहा.

परकं कोकरू लावणे

कुणाची आई मेली, कुणाचं कोकरू मेलं, कुणाला दूध नाही. अशा वेळी जोड लावावी लागते. सोप्याकडून अवघडाकडे अशा तीन वाटा आहेत.

1. मेंढी व्यायच्या बेतात किंवा नुकती व्यायलेली असेल तर तिचं गर्भजल आणि वार परक्या कोकराला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळा, विशेषतः शेपटीखाली, कारण दूध पाजताना ती तिथेच हुंगते. तिचं स्वतःचं कोकरू असेल तर परकं आधी पुढे ठेवा आणि दोन्ही एकमेकांना घासा. परकं कोकरू दोन-तीन दिवसांचं आणि पळतं असेल तर त्याचे पाय थोडा वेळ सैल बांधा. नुकतं जन्मलेलं कोकरू उड्या मारत नाही, हे मेंढीला कळतं.

2. तिचं कोकरू मेलं असेल तर त्याचं कातडं काढून, पायांना भोकं ठेवून, परक्या कोकराला अंगरख्यासारखं चढवा. शेपटीचा भाग राहिलाच पाहिजे. कोकरू हगवणीने किंवा सांधे सुजून मेलं असेल तर हे करू नका, रोग नव्याला लागतो. आपल्या उन्हात कातडं दोन दिवसांवर ठेवू नका. सडतं, माश्या बसतात, अळ्या पडतात. तोपर्यंत मेंढीचं दूध कोकराच्या पोटातून जाऊन त्याच्या लेंडीला तिच्या ओळखीचा वास येऊ लागतो. काढतानाही एकदम काढू नका, आधी पुढचा भाग, मग मागचा.

3. दोन्ही जमत नसेल तर मेंढीची मान दोन उभ्या दांड्यांत अशी अडकवा की तिला उठता-बसता, खाता-पिता येईल पण मागे वळून कोकराला मारता येणार नाही. तीन ते पाच दिवस. पाणी आणि चारा तोंडाशीच ठेवा. रोज सोडून पाहा.

स्वीकारल्याची खूण म्हणजे मेंढी तोंड न उघडता घशातून हलका हुंकार देते, पाजताना शेपटीशी हुंगते आणि पाय स्थिर ठेवते. ती गोल फिरत राहिली, कोकरू कासेशी येताच पुढे सरकली किंवा डोक्याने भिंतीशी दाबू लागली तर त्यांना रात्रभर एकत्र सोडू नका. फसण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. उशीर झाला, कोकरू आधीच बाटलीवर पोट भरून आलं आणि कासेला झटलंच नाही, किंवा मेंढीची कास दुखते आहे. कास गरम, कडक लागली, दुधात गुठळ्या आल्या तर दोष मेंढीच्या मायेचा नाही, कासदाहाचा आहे.

काहीच लागू पडलं नाही तर शेळी. शेळीला दोन-चार दिवस धरून पाजलं की ती पुढे फारसा विरोध करत नाही. तेही नसेल तर बाटली: तीन किलोच्या कोकराला दिवसाला 450 ते 600 मिलि, पहिल्या आठवड्यात पाच वेळा विभागून, अंगाइतकं कोमट, कोकरू उभं ठेवून. भुकेच्या आवाजाला भुलून एकदम जास्त पाजलं की हगवण लागते.

वाड्यावरची संध्याकाळ

मेंढ्या चरायला जातात तेव्हा लहान कोकरं मागे वाड्यावर राहतात, आणि त्यांचं सगळं बायकांकडे असतं. कोणतं कोणाचं, कोण लुळं पडलंय, कोणाला दूध पुरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. घरातल्या ज्या माणसाचा दिवस कोकरांजवळ जातो त्याला विचारल्याशिवाय कोकरू विकू किंवा हलवू नये.

संध्याकाळी मेंढ्या आल्याबरोबर सगळी कोकरं एकदम सोडू नका. आधी मेंढ्यांना पाणी पिऊन स्थिर होऊ द्या. मग दहा-दहाच्या तुकड्या सोडा, धाकटी आधी. लांबून आवाजावर आणि जवळ आल्यावर वासावर जोड्या लागतात. गोंगाट मोठा, पण दहा मिनिटांत विरतो. विरल्यावर जे कोकरू ओरडतच राहतं त्याच्याकडे जा. ज्याच्या डोक्यावर, कपाळावर लेंडी-मुताचे डाग दिसतात ते दूध चोरतं: परक्या मेंढीच्या मागच्या पायांमधून घुसून पितं, कारण पुढून गेलं तर ती हुंगून हाकलते. चोरणाऱ्याला रागावण्यात अर्थ नाही, त्याच्या आईची कास तपासा.

कातरणीच्या दिवशी ओळख पुन्हा डळमळते. लोकर उतरलेली आई कोकराला ओळखू येत नाही. आवाज तोच असला तरी ते जवळ येऊन बिचकतं. पिल्लांच्या आया सकाळी आधी कातरा आणि उरलेला दिवस कोकरांबरोबर वाडग्यातच ठेवा, रानात सोडू नका.

रात्रीची राखण

शेतात खत बसवायला मेंढ्या बसवल्या की भोवती वाघर (जाळीचं कुंपण) लागते. मोठ्या मेंढीला साधारण दहा चौरस फूट जागा धरा. फार दाटीत बसवलं तर कोकरं चेंगरतात, फार सैल ठेवलं तर कळप रात्रभर फिरतो आणि खत एकसारखं पडत नाही. जाळीची फाटकी भोकं उजेड असतानाच सांधा, कोकरू मान घालून अडकतं आणि गळफास बसतो. ओल्या जागी सलग दोन रात्री बसवू नका. खुरांच्या बेचक्यात सड सुरू होते. सुरू झालीच तर मेलेलं खूर कापून, दहा टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवावेत. मोरचुदापेक्षा हे बरं, कारण मोरचुदाचं पाणी मेंढी प्यायली तर तांब्याची विषबाधा होते.

कुत्रं कोकरांबरोबर लहानपणापासून वाढलेलं हवं. त्याचं काम राखणं आहे, पळवणं नाही. मेंढरांमागे धावणाऱ्या कुत्र्याला पहिल्या महिन्यातच रोखा. रात्री मेंढरं एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली, एखादी पुढचा पाय आपटून फुरफुरली, तर बॅटरी घेऊन त्या दिशेला जा. कुत्रं भुंकलेलं नसलं तरी जा.

कळप दुसऱ्याच्या हाती देताना

गडी बदलतो, मुलगा शिकायला जातो, माणूस आजारी पडतो. कळप एका दिवसात हवाली करू नका. आठ-दहा दिवस दोघांनी बरोबर जावं. पहिले तीन दिवस जुन्याने हाक द्यावी आणि नव्याने खुराक टाकावा. नंतरचे तीन दिवस नव्याने हाक द्यावी, जुना शेजारी उभा. मग जुना कळपाच्या मागे, दिसेल असा. शेवटचे एक-दोन दिवस दिसणार नाही असा. नव्याने जुन्याच्या हाकेची नक्कल करण्यात वेळ घालवू नये, मेंढरांना फरक कळतोच. स्वतःची हाक द्यावी, पण खुराकाची वेळ, पाण्याची जागा आणि दुपारच्या सावलीचं झाड महिनाभर बदलू नये. आणि या काळात पुढची घंटेवाली मेंढी विकू नये, भाव कितीही चांगला आला तरी.